दोन विभागांचा फ्रीज

मी एक जुना फ्रीज आहे. नाक मुरडू नका मित्रांनो, ते काम मी स्वतःच वर्षानुवर्षं करतो आहे.

विद्यापीठाने अभियांत्रिकी आणि जीवशास्त्र एकत्र शिकवणारी नवी पदवी काढली, तेव्हा मला या प्रयोगशाळेत आणलं. तेव्हा मी पांढराशुभ्र होतो, येणारा-जाणारा माझं कौतुक करी. पण मी दोन विभागांचा झालो, म्हणजे कोणाचाच उरलो नाही. वरच्या कप्प्यात गटाराचा गाळ, खालच्या कप्प्यात यंत्रवाल्या सरांचा विसरलेला डबा. डब्याला हिरवी लव फुटली, माझ्या दाराच्या रबरात काळी बुरशी चढली. त्या कुबट वासाने मलाच मळमळायचं. "ते त्यांचं काम," असं म्हणून दोन्हीकडचे लोक माझं दार आपटून जात. शी!

मला अधूनमधून पुसायची ती एकच विद्यार्थिनी. सतत गाळ उपसते म्हणून सगळे तिला चिखलराणी म्हणत. सांडलेलं तेल खाणारे जंतू तिने त्या गाळातून महिनोन्महिने निवडले होते आणि झाकणाच्या बशांत, जेलीसारख्या थरावर, वेगवेगळ्या ठिपक्यांत वाढवले होते. पाणी स्वच्छ करणारं यंत्रही तिनेच बनवलं होतं. त्यात हे जंतू सोडून दाखवले की पदवी हातात. बशा ती माझ्या वरच्या कप्प्यात पालथ्या ठेवी, म्हणजे आतला ओलावा जंतूंवर ठिबकत नाही.

मग पाहणी समिती येणार अशी बातमी आली आणि सरांना स्वच्छतेचा उमाळा आला. त्यांनी डबा फेकला, मला घासलं आणि सगळ्या बशा सुलट्या करून रांगेत मांडल्या. मी खूप घरघरलो, पण फ्रीजचं कोण ऐकतं?

समितीच्या दिवशी सकाळी चिखलराणीने दार उघडलं. ओलावा ठिबकून सगळे जंतू एकमेकांत मिसळले होते. प्रत्येक बशीत नुसता शेंबडासारखा लगदा.

"सर, या सुलट्या कोणी केल्या?"

"मीच! कशा गबाळ्यासारख्या पालथ्या पडल्या होत्या."

"अहो, पालथ्याच ठेवतात त्या!" जीवशास्त्राच्या मॅडम कडाडल्या. "इतकी वर्षं शेजारी बसताय, विचारायचं तरी!"

"मग तुम्ही सांगायचं तरी!"

तेवढ्यात समिती आली. माझे दोन्ही चकचकीत कप्पे पाहून अध्यक्ष म्हणाले, "वा! दोन विभागांचं सहकार्य असं हवं." सर आणि मॅडम दोघेही गोड हसले. त्यांच्या मागे ती पोरगी बशा पिशवीत भरत होती. तिचं वर्ष वाया गेलं होतं.

मित्रांनो, बुरशी मी सोसली, पण त्या दोन हसण्यांची किळस अजून जात नाही. दोन शास्त्रं एकत्र शिकायला नक्की या, पण शेजारच्या कप्प्याला हात लावण्याआधी विचारत जा. आणि चिखलराणी पुन्हा गाळ घेऊन आली, तर कोणीतरी तिची क्षमा मागा. अजून कोणी मागितलेली नाही.