सासूबाईंनी धुतलेला टेम्पो

मित्रांनो, मी चारकोपच्या कोळीवाड्यातला एक जुना तीनचाकी टेम्पो आहे. जुना म्हणा, भंगार म्हणू नका. नवा आलो तेव्हा अंजनाबाईंनी माझ्यापुढे नारळ फोडला होता. त्यांची सून भाविका मला चालवते. पहाटे मासळी भरायची आणि गोरेगावच्या बाजारात पोचवायची, हे आमचं काम. मासळीची पाटी दिसली की रिक्षावाले तोंड फिरवतात. त्यामुळे माझ्यावाचून या दोघींचं पान हलत नाही, याचा मला भारी तोरा.

रोज संध्याकाळी अंजनाबाई मला काथ्याने घासायच्या. माझा पिवळा रंग कसा चमकायचा!

एके सकाळी मी बाजाराबाहेर उभा होतो. गाद्या विकणाऱ्या एका कंपनीची निळी व्हॅन मागे येता येता माझ्या तोंडावरच आदळली. पत्रा आत गेला, पुढचं चाक वाकडं झालं, मासळी रस्त्यावर. ड्रायव्हर पळाला, पण भाविकाने व्हॅनचा नंबर टिपून पोलिसांत तक्रार दिली. कंपनी म्हणाली, गाडीचा विमा आहे, विम्याचा माणूस बघायला येईल.

"पाहुणा येतोय, नि टेम्पोचं तोंड असं?" असं म्हणून अंजनाबाईंनी मला लख्ख धुतलं. पत्र्याला लागलेला निळा रंगसुद्धा घासून काढला. मला तर बरंच वाटत होतं. त्यात आमची वाट लागतेय, हे मला मेल्याला कुठे ठाऊक?

विम्याचे सुयोग साहेब आले. वाकून वाकून बघितलं आणि म्हणाले, "व्हॅनचा ड्रायव्हर नाही म्हणतोय. इथे निळा ठिपकाही नाही. त्याच व्हॅनने ठोकलं कशावरून?"

अंजनाबाईंची मान खाली गेली. "मीच धुतला गो, भाविका. आता धंदा बसला आपला."

भाविका साहेबांपुढे येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "साहेब, आमच्या टेम्पोला सासू आहे, म्हणून तो स्वच्छ. तुमच्या व्हॅनला कोण आहे? तिचा मागचा बंपर बघून या ना."

साहेब हसले, पण गेले. व्हॅनला कुणी पाण्याचा हात लावला नव्हता. बंपरवर माझा पिवळा रंग होता आणि फटीत रावसाचे खवले वाळले होते.

विम्याचा निकाल लागेपर्यंतचे ते दिवस फार वाईट गेले. अंजनाबाई माझ्याजवळ यायच्या, हात पुढे करायच्या आणि मागे घ्यायच्या. मी धुळीने माखलो. पत्र्याच्या दुखण्यापेक्षा तेच मला जास्त लागलं.

अखेर क्लेम मंजूर झाला. नवा पत्रा, नवं चाक लावून मी घरी आलो. अंजनाबाई बादली घेऊन बाहेर आल्या, थबकल्या आणि आत हाक मारली, "भाविका, आधी फोटो काढ गो."

मित्रांनो, घाव झाला तर तो आधी दाखवा, मग धुवा. पण कुणाच्या तरी हातचा काथ्या रोज अंगावरून फिरू द्या. त्या संध्याकाळी तो फिरला, तेव्हा मी खरा दुरुस्त झालो.