अंबेसासाठी एक दार

फाटक किलकिलं झालं, आतल्या बाईने बेझाबीला पाहिलं आणि तिचा हात छातीवर गेला.

"कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं, एतिये," वस्तीच्या रीतीने तिला ताई म्हणून हाक मारत तो म्हणाला. "मी कुत्रीसाठी आलोय."

"मरियम माते! अहो गाशे, मग सकाळी सकाळी असं दारात येऊन उभं राहायचं असतं का? माझा नवरा प्रवासात आहे."

फाटक लागलं. कुत्रीचं नाव काढायलाही सवड मिळाली नाही. सकाळपासून प्रत्येक दारात हेच चाललं होतं, आणि त्यात लोकांची तरी काय चूक? बेझाबी इदिराचा, म्हणजे वस्तीच्या मयतमंडळाचा, तुतारीवाला होता; सगळे त्याला मानाने गाशे, म्हणजे काका, म्हणत. वस्तीत कुणी गेलं की पहाटे तुतारी फुंकत गल्लीगल्लीतून त्याचं नाव पुकारायचं, मयताच्या अंगणात इदिराचा तंबू ठोकायचा, बाकडी मांडायची, पातेली पोचवायची, आणि तीन दिवसांनी सगळं उतरवून कोठारात नेऊन ठेवायचं. वस्तीतलं प्रत्येक घर इदिराला वर्गणी देतं, कारण मरण कुणाला चुकत नाही. पण तुतारीवाला आपल्या दाराशी थांबू नये असंही प्रत्येकाला वाटतं. तरुणपणी बेझाबी एकदा मुलगी बघायला गेला, तर त्याला पायरीवर पाहून मुलीच्या आजीला भोवळ आली. त्या घरची सोयरीक तिथेच संपली. पुढे त्यानेही कधी कुणाच्या घरी तो विषय काढला नाही. आता साठी उलटली होती.

त्या बुधवारी पहाटेच नगरपालिकेची भोंग्याची गाडी वस्तीतून फिरून गेली होती. शुक्रवारच्या पहाटेपासून आठवडाभर मोकाट कुत्र्यांना विषाचं मांस टाकणार होते. ज्यांची कुत्री असतील त्यांनी ती घरात ठेवावीत, नंतर तक्रार चालणार नाही.

आणि अंबेसा मोकाट होती. अंबेसा म्हणजे सिंह. हे नाव गल्लीने चेष्टेने ठेवलेलं, कारण इतकं भित्रं जनावर कुणी पाहिलं नव्हतं. पिवळट रंगाची, एक कान अर्धा तुटलेला. एका अर्धवट टाकलेल्या बांधकामावर कुणीतरी तिला पत्र्याच्या शेडमध्ये कोंडून, गळ्यात तार घालून निघून गेलं होतं. बेझाबीने कुलूप फोडून तिला बाहेर काढलं, तेव्हा ती उठून उभीही राहू शकत नव्हती. तेव्हापासून ती त्याच्या मागे असायची, पण चार हात लांब. पाव खाली ठेवून त्याने पाठ फिरवली की मगच खायची. त्याच्या हातातून खायला तिने यंदा कुठे सुरुवात केली होती. बंद दाराला भ्यायची, दोरीला भ्यायची, कुणी आवाज चढवला की बसल्या जागी मुतायची. आणि सगळ्यात जास्त भ्यायची ती त्याच्या तुतारीला. तुतारी वाजली की पार ओढ्यापर्यंत पळत सुटायची.

इदिराच्या कोठारात तिला ठेवून पाहिलं होतं त्याने. दार लावताच तिने पत्र्यावर धडका मारून तोंड रक्तबंबाळ करून घेतलं. त्याच्या खोलीची मालकीण येशिमबेत हिच्या तर तो पाया पडला होता. ती म्हणाली, "माझ्या घरात महिन्याला मरियमची पंगत बसते. कुत्री आली की तुझं गाठोडं बाहेर." बोलणं कठोर होतं, पण तेवीस वर्षांत तिने भाडं वाढवलं नव्हतं, त्यामुळे त्याला तिच्याशी भांडताही येईना.

दुपारी खाटीक हैलू तयार झाला. त्याला राखणीला कुत्रं हवंच होतं. अंबेसा कशीबशी फाटकाच्या आत गेली, आणि हैलूने तिला भुंकायला शिकवायचं म्हणून पत्र्याच्या डब्यावर काठी आपटली. ती त्याच्या पायांतून निसटली ती दिसेनाशीच झाली. हैलू हसून हसून खाली बसला. म्हणाला, "गाशे, चोर आला तर ही त्याच्याच कुशीत शिरेल." बेझाबीलाही क्षणभर हसू आलं, आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटली. संध्याकाळपर्यंत तो तिला ओढ्याच्या काठाने शोधत हिंडला, तेव्हा कुठे ती सापडली.

गुरुवारी त्याने वरची गल्ली पालथी घातली. कुणाला पिल्लू हवं होतं, कुणाला नर, कुणाला भुंकणारं. भित्री कुत्री कुणालाच नको होती. दुपारनंतर त्याला काही सुचेना. तो भिंतीला टेकून बसला, आणि अंबेसा समोरच्या भिंतीला टेकून त्याच्याकडे बघत बसली.

तिथेच इदिराचे अध्यक्ष असेगेद त्याला शोधत आले. मुलात मास्तर इस्पितळात वारले होते. शाळेत गणित शिकवायचे, धाकटी बहीण एतागेन आणि ते, दोघंच राहायची. उद्या पहाटे नाव पुकारायचं होतं.

उद्या पहाटे. बेझाबीच्या जिभेवर आलं होतं की उद्या दुसऱ्या कुणाला सांगा. पण मयताला नाही म्हणायचं नसतं.

शुक्रवारी तांबडं फुटायच्या वेळी तो निघाला आणि पहिल्या वळणावर त्याने तुतारी शालीत गुंडाळून पाठीला बांधली. आज ती वाजली असती तर अंबेसा भेदरून कुठल्या कुठे पळाली असती, आणि उपाशीपोटी जे दिसेल ते खाल्लं असतं. म्हणून त्याने नुसत्या तोंडाने पुकारलं. "मुलात मास्तर गेले हो. या हो, मातीला या." मागे चार हातांवर ती येत होती.

भिंतींच्या कडेला मांसाचे तुकडे पडलेले होते. तो नाव पुकारायचा, वाकायचा, तुकडा उचलून पिशवीत टाकायचा, पुन्हा पुकारायचा. घसा बसला. एका कोपऱ्यावर एक काळं कुत्रं पाय ताणून पडलं होतं, तोंडाला फेस. मांस टाकणाऱ्या गाडीवरचा माणूस ओरडला, "ए बाबा, ते खायचं नाहीये."

"ठाऊक आहे मला," बेझाबी म्हणाला आणि पुढचा तुकडा उचलला.

पण एक माणूस किती उचलणार? गाडी त्याच्या पुढे होती आणि मागेही येणार होती. आज नाही तर उद्या, तो झोपलेला असताना, ती कुठलातरी तुकडा हुंगणार होती. एतागेनच्या घरापाशी पोचेपर्यंत त्याचे डोळे जळायला लागले होते.

मयताच्या घराचं फाटक सताड उघडं असतं. तिथे कुणी कुणाला कोण म्हणून विचारत नाही, कुणी आवाज चढवत नाही, येणारा येतो आणि गुपचूप बसतो. बेझाबी फाटकाशी लावलेल्या हातगाडीवरचे तंबूचे खांब घेऊन आत शिरला. थोड्या वेळाने मागे पाहिलं, तर अंबेसा उंबऱ्यावर उभी होती. कान पाडून, पोट जमिनीला घासत ती आत आली आणि बाकड्याखाली शिरली. आयुष्यात पहिल्यांदा ती आपण होऊन कुणाच्या फाटकातून आत गेली होती.

माती देऊन मंडळी परतली, तेव्हा असेगेदना ती दिसली. "इदिराच्या तंबूत कुत्री? काठी आणा रे."

एतागेन काळ्या कपड्यांत जमिनीवरच्या गादीवर बसली होती. डोळेही न उचलता ती म्हणाली, "माझ्या अंगणात आज कुणावर काठी उचलू नका."

असेगेदनी काठीचा नाद सोडला आणि त्यांचा राग बेझाबीकडे वळला. तुतारी का वाजली नाही, लोक उशिरा आले, मास्तरांचा मान राहिला नाही. बेझाबी ओठ फुटल्याचं खोटंच बोलला. पुढच्या वेळी दुसरा माणूस बघावा लागेल, असं ते चारचौघांत म्हणाले.

तीन दिवस लोक येत होते, उकडलेले गहू-हरभरे खात होते, कॉफी पीत होते. बेझाबी ताटं उचलायच्या निमित्ताने बाकड्याखाली डोकावत होता आणि रात्रीही तंबूतच पडत होता. एतागेनला विचारावं असं त्याला शंभरदा वाटलं. पण जिचा भाऊ गेला तिच्यापुढे हात कसा पसरायचा? नाही म्हणवत नाही म्हणून ती हो म्हणेल, आणि ते मागणं जन्मभर त्याला टोचत राहील.

रविवारी मंडळी पांगली. खालच्या गल्लीत आणखी एक म्हातारा गेला होता आणि तिकडे तंबू हवा होता. बेझाबी एका दोरीची गाठ सोडत बसला. सोडायची, पुन्हा मारायची. दुपार झाली तरी तंबू उभाच.

"गाशे," एतागेन दारातून म्हणाली, "सकाळपासून एकच गाठ सोडताय तुम्ही."

"ओली आहे गाठ. आवळलीये."

"पाऊस कुठे पडलाय?"

बेझाबीने दोरी सोडून दिली. "तंबू उतरला की फाटक लागणार, एतिये. बाहेर विष टाकतायत. मयताच्या घरी मागू नये, कळतं मला. पण दुसरं दार उरलं नाही हो. सगळी ठोठावून झाली."

तिने वाकून बाकड्याखाली पाहिलं. "मला कुत्र्यांची भीती वाटते, गाशे. लहानपणापासून. मुलात माझा हात धरून रस्ता ओलांडून द्यायचा."

"हीसुद्धा तुम्हाला भिते."

"दिसतंय ते." तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "तीन दिवस सगळे मला शिकवतायत. रडू नको, जेव, झोप, देवाची इच्छा. ही एकटीच काही बोलली नाही. न्या तुमचा तंबू. बघू, आम्हा दोघींत कोण आधी भ्यायचं सोडतं ते."

बेझाबी तिच्या पायांकडे वाकला, तसं तिने त्याला खांद्याला धरून उठवलं. मग त्याने भराभर खांब उपटले, कापडाची घडी घातली, हातगाडीवर बाकडी रचली. ज्या बाकड्याखाली ती होती तेही उचलावं लागलं. अंबेसा उघड्यावर आली, गोल फिरली आणि त्याच्या मागे चार हातांवर चालू लागली.

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. सगळ्या जगात ती ज्याच्या मागे जाई तो तोच होता, आणि तोच निघाला होता.

त्याने गाडी बाहेर काढली आणि ती पोचायच्या आत फाटक ओढून घेतलं. पत्र्यावर नखं वाजली. फाटकाच्या खालच्या फटीतून तिचं नाक बाहेर आलं. तो उकिडवा बसला, बोटं फटीत सरकवली. ती बोटं चाटायला लागली, भरभर, कण्हत. उघडावं आणि तिला घेऊन जावं, जे व्हायचं ते दोघांचं होऊ दे, असं त्याला वाटलं. त्याचा हात कडीवर गेलासुद्धा.

"गाशे," आतून एतागेनचा आवाज आला. "तुम्ही निघा आता. तुम्ही तिथे आहात तोवर ती माझ्याकडे बघणार नाही."

त्याने बोटं काढून घेतली.

गाडी जड होती आणि खालची गल्ली उताराची. मागे पत्र्यावर नखं वाजतच होती. मग वळण आलं आणि ती ऐकू येईनाशी झाली. बेझाबीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दोन्ही हात गाडीला असल्यामुळे पुसता येत नव्हतं. तंबूची गाडी बघून लोक नेहमीप्रमाणे बाजूला होत होते. पाण्याचे डबे घेऊन चढण चढणारी एक बाई मात्र थांबली. वस्तीत नवीन असावी. तिने डबे खाली ठेवले.

"देव बळ देवो, बाबा," ती म्हणाली. "तुमच्याच घरचं गेलं का कुणी?"

इतक्या वर्षांत हे शब्द त्याला कुणी म्हटले नव्हते. त्याने गाडी थांबवली. मयताच्या घरचा माणूस वाकतो तसा तो तिच्यापुढे वाकला, आणि गाडी ढकलत पुढे गेला. खालच्या गल्लीत लोक उन्हात उभे राहून तंबूची वाट बघत होते.