समोरासमोर बांधलेले डोळे

गॅरेजच्या दाराखाली सापडून वॉकर पार वाकला होता. तो धरून चालणाऱ्या, घरच्या बाईंच्या म्हाताऱ्या सासूबाई वाचल्या, त्या केवळ पडलेला चष्मा उचलायला दोन पावलं मागे फिरल्या म्हणून.

"दार बंदच होत नव्हतं, म्हणून आठ दिवसांपूर्वी तुमच्या वडिलांना बोलावलं," बाई म्हणाल्या. "त्यांनी पाच मिनिटांत चालू करून दिलं. मग हे असं कसं झालं?"

तिच्या वडिलांना, दारं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्र्याला, गावात मास्तर म्हणत; लेकही त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. दाराच्या चौकटीशी उकिडवी बसून ती बघत राहिली. जमिनीपासून वीतभर उंचीवर, दोन्ही बाजूंना, डोळे असायला हवे होते. या धंद्यात त्या सेन्सरना डोळेच म्हणतात. एकाने न दिसणारा किरण सोडायचा, समोरच्याने तो झेलायचा, आणि मध्ये काही आलं की खाली येणारं दार माघारी फिरायचं. इथे दोन्हीकडे नुसत्या रिकाम्या पट्ट्या होत्या. वायरी मात्र वर गेल्या होत्या.

ती स्टुलावर चढली. फळीवर, रंगाच्या डब्यांमागे, दोन्ही डोळे समोरासमोर ठेवून काळ्या टेपने बांधलेले होते. चार बोटांच्या अंतरावरून एकमेकांकडे टकामका बघत बसलेले. खाली माणूस येवो नाहीतर मांजर, त्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. डोळे जुळवायचा कंटाळा आलेले मिस्त्री हा उद्योग करतात, आणि अशा मिस्त्र्यांचा मास्तरांनी चाळीस वर्षं उद्धार केला होता.

"त्यांनी दाराखाली खोका ठेवून बघितलं होतं?" तिने विचारलं.

"छे. म्हणाले, चाळीस वर्षांचा हात आहे, खोका कसला ठेवताय."

खोका ठेवल्याशिवाय काम संपत नाही, हे तिला याच माणसाने शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे काय, पहिली पाच वर्षं नुसती पिशवी उचलायला लावली, आणि नंतर प्रत्येक गिऱ्हाइकासमोर ‘तुला अजून डोळा जुळत नाही’ म्हणून पाणउतारा केला. टेपचं टोक तिने चाचपलं. ते आत दुमडलेलं होतं, पुढच्या माणसाला सोडवायला नख लागावं म्हणून. ही सवय गावात दोनच हातांना होती, एक मास्तरांचा. दुसरा हात तिचा.

 मग तिला सकाळचा चहा आठवला. मास्तर बशी पुसत म्हणाले होते, "आपलं दारही अडत होतं. केलं मी."

साडेतीन वाजले होते. चिमीची शाळेची गाडी चारला यायची.

चिमी तिची सात वर्षांची मुलगी. लहानपणी गॅरेजच्या दाराला भ्यायची, म्हणून आईनेच तिला खेळ शिकवला होता. दार खाली यायला लागलं की पाय पुढे करायचा. दार बघतं आणि घाबरून पळतं. रोज शाळेतून आल्यावर दाराला एकदा पळवल्याशिवाय चिमी घरात पाऊल टाकत नसे.

तिने मोटरची दोरी ओढून बाईंचं दार मोटरपासून मोकळं केलं, उद्या येईपर्यंत बटण दाबू नका म्हणून बजावलं, आणि बांधलेले डोळे वायरींपासून सोडवून खिशात कोंबून निघाली. वाटेत मास्तरांना सहा वेळा फोन लावला. त्यांनी एकदाही उचलला नाही.

मास्तर घरच्या गॅरेजमध्येच होते, खुर्ची टाकून बसलेले. दार सताड उघडं होतं. चारला दहा कमी होते. तिने डोळ्यांची जोडी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"कुठल्या गाढवाने केलं हे?" मास्तर म्हणाले.

"टोक दुमडलेलं आहे, बाबा."

मास्तरांनी अंगठ्याने टेप चाचपला. बराच वेळ चाचपला.

"जुळत नव्हते," शेवटी ते म्हणाले. "डोळ्यावरचा तो बारका दिवा स्थिर जळतोय का लुकलुकतोय, कळतच नाही हल्ली. धुरकट दिसतं सगळं."

"मग मला सांगायचं होतं."

"तुला? तुझ्यासमोर हात पसरू?"

"किती घरी केलंत असं?"

"जिथे जुळले नाहीत तिथे."

 तिने कोपऱ्यातला पुठ्ठ्याचा खोका उचलून दाराच्या मधोमध ठेवला आणि भिंतीवरचं बटण दाबलं. दार खाली आलं. खोक्याशी आलं, थांबलं नाही. या जुन्या मोटरींना आपण काय चिरडतोय ते कळत नाही, कळतं ते फक्त डोळ्यांना. खोका चेपून सपाट झाला.

"पुठ्ठाच आहे तो," मास्तर म्हणाले.

त्या शब्दाला तिचं डोकं फिरलं. इतक्या वर्षांत कधी उलटून बोलली नव्हती, आता बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. सपाट खोका ओढून काढायला तिने दार पुन्हा वर घेतलं. ती खोक्याशी वाकलेली असतानाच चिमी दप्तरासकट धावत आत शिरली, उडी मारून तिने बटण दाबलं, आणि दाराखाली जाऊन ऐटीत पाय पुढे केला.

आईने तिला दंडाला धरून अशी खेचली की दोघी फरशीवर आदळल्या. आणि उठता उठता तिने चिमीच्या गालावर सणसणीत थप्पड ठेवून दिली. दार जमिनीला टेकलं.

"दार थांबतं!" चिमी रडत ओरडली. "तूच सांगितलंयस!"

"थांबतं, बाळा, थांबतं," मास्तर खुर्चीतून म्हणाले. "पोरीला कशाला मारतेस गं?"

ती थप्पड कुणाची होती ते तिला चांगलं ठाऊक होतं. ज्याची होती त्याच्यावर हात उगारता येत नव्हता, म्हणून ती पोरीला बसली. स्वतःची तिला शिसारी आली.

तिने शिडी लावली, छताजवळ तसेच बांधलेले डोळे सोडवले, खाली आणून पट्ट्यांवर बसवले. काचा कोरड्या फडक्याने पुसल्या. मास्तर न बोलावता जवळ आले आणि गुडघे मोडून दिव्याशी नाक नेऊन बसले.

"लुकलुकतोय अजून," ते म्हणाले. "डावीकडे घे केसभर."

दिवा त्यांच्या नाकासमोर स्थिर जळत होता, डोळे जुळलेले होते. तिने स्क्रूला हातही लावला नाही.

"घेतला," ती म्हणाली.

"आता बरोबर! याला हात लागतो."

तिने दार वर नेलं, दुसरा खोका ठेवला, बटण दाबलं. दार हललं आणि लगेच माघारी गेलं. ती चिमीकडे वळली. चिमी पार जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली होती, गाल धरून.

"ये, चिमे. बघ, पळालं. आता पाय ठेवून बघ."

चिमीने नकाराची मान हलवली.

"भित्री केलीस तू पोरीला," मास्तर म्हणाले, आणि रोजच्यासारखी हत्यारांची पिशवी खांद्याला लावायला हात पुढे केला. पिशवी जाग्यावर नव्हती. ती लेकीने उचलून आपल्या खांद्याला लावली होती; बाकीच्या घरांचे डोळे आता तीच सोडवणार होती. मास्तर हवेत चाचपडत राहिले, आणि तिने ती कुठे आहे हे त्यांना सांगितलं नाही.