बुंदी चौकट का कुरतडते

तपकिरी अंगावर पिवळसर ठिपके, म्हणून तिचं नाव बुंदी ठेवलं. रूपालीच्या मैत्रिणीच्या कुत्रीच्या पिल्लांतली ही शेवटची. आली तेव्हा ओंजळीत मावायची. सहा-सात महिन्यांत पाय लांब झाले, कान उभे राहिले आणि घरातली एकेक वस्तू तिच्या दाताखालून जाऊ लागली. टीव्हीचा रिमोट, खराटा, धनंजयच्या हेल्मेटचा पट्टा, सोफ्याचा कोपरा.

नालवाडीतल्या त्या भाड्याच्या घरात धनंजय, त्याची बायको रूपाली आणि आई मनकर्णाबाई अशी तिघं राहत. धनंजय आणि रूपाली सकाळीच वर्ध्याला नोकरीवर निघून जात. मनकर्णाबाई गेल्या वर्षी अल्लीपूरहून इथं आल्या होत्या. दुखऱ्या गुडघ्यांनी शेतात जाणं होईना, तेव्हा शेत पुतण्यानं कसायला घेतलं आणि लेकानं त्यांना इकडं आणलं. दिवसभर घरात त्या आणि बुंदी, दोघीच.

"शेतात आपल्याकडे इतके कुत्रे झाले," त्या रूपालीला म्हणाल्या, "पण एकानंही कधी काही कुरतडलं नाई. हिलेच काऊन लागते?"

रूपाली म्हणाली, "भूक लागत असंन, आई."

ते पटण्यासारखं होतं. मनकर्णाबाई दुपारी तिला एक भाकर जास्त देऊ लागल्या. बुंदी भाकर खायची, भांडं चाटायची आणि पुन्हा सोफ्याकडे जायची. काही दिवसांत तिचं पोट तेवढं सुटलं.

मग मनकर्णाबाईंना वाटलं, दात शिवशिवत असतील. त्यांनी आपली एक तुटकी चप्पल तिच्यापुढे टाकली. बुंदीला ती फार आवडली. दोन दिवस तिनं दुसऱ्या कशाला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर राहणारे घरमालक मधुकरराव जिन्याखाली आले, तर त्यांची एक चप्पल जाग्यावर नव्हती. ती बुंदीच्या पुढच्या पायांत होती, आणि चपलेचा अंगठा गेला होता.

चप्पल परत घ्यायला म्हणून मधुकरराव आत आले आणि दाराशीच थांबले. सागवानी चौकट खालून हातभर कुरतडलेली होती. जमिनीवर लाकडाचा भुसा पडला होता.

मधुकरराव आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी चौकटीवरून बोटं फिरवली. "ही चौकट मी सिंदीच्या सुताराकडून करून आणलती," ते म्हणाले. "मनकर्णाबाई, दिवाळीच्या आत या कुत्रीची दुसरीकडे सोय करा. मले वाईट वाटते, पण करा."

संध्याकाळी धनंजयनं साखळी आणली. रूपालीनं ती पिशवीतून बाहेरच काढू दिली नाही. "आधी डॉक्टरले तर दाखवू," ती म्हणाली.

डॉक्टर गुंजन वयानं लहान होत्या. त्यांनी बुंदीचा जबडा उघडून पाहिला. दुधाचे दात केव्हाच पडले होते, नवे पक्के आले होते. "हे हिचं अडनिडं वय आहे," त्या म्हणाल्या. "पिल्लू नाही आणि मोठीही नाही. या वयात अंगात जोर फार असतो आणि सगळं तोंडानं तपासायचं असतं. कुरतडून झाल्यावर रागवू नका, कशासाठी रागावताय ते तिला कळत नाही. बाकीचं उचलून ठेवा, चावायला तिचं तिला काहीतरी द्या."

"मी चप्पल देल्ली होती," मनकर्णाबाई म्हणाल्या.

डॉक्टर हसल्या. "जुनी चप्पल आणि नवी चप्पल तिच्या लेखी एकच ना, आजी."

मनकर्णाबाईंनाही हसू आलं. आपल्या हातानंच आपण तिला चपलेची गोडी लावली होती.

चपला कपाटात गेल्या, रिमोट वर गेला. आतून पोकळ असलेलं जाड रबरी खेळणं आणलं. त्यात दही-भात भरून रूपाली ते बर्फाच्या कप्प्यात ठेवायची आणि निघताना बुंदीपुढे टाकायची. बुंदी ते चाटत, चावत बसायची. सोफा वाचला. चौकट मात्र वाचली नाही.

"तिले चौकटच काऊन पायजे?" मनकर्णाबाईंनी जेवताना विचारलं. "लाकूड तर पलंगालेही हाय."

धनंजय म्हणाला, "आई, कुत्र्याच्या मनातलं कोन सांगन?"

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाईंनी मागच्या खोलीतला टीव्ही लावला नाही. खुर्ची समोरच्या खोलीत आणली आणि डोळे मिटल्यासारखे करून बसून राहिल्या.

खेळणं रिकामं झालं तशी बुंदी झोपली. बऱ्याच वेळानं रस्त्यावरून भाजीवाल्याची हाळी आली. बुंदी ताडकन उठून दाराशी गेली. दाराच्या फटीला नाक लावलं, कान टवकारले, शेपटी हलवली. हाळी पुढे निघून गेली. बुंदी तशीच उभी राहिली. मग तोंड वळवलं आणि नाकासमोरच्या चौकटीला दात लावले. थोडं कुरतडून ती परत येऊन पडली. मग शेळ्या गेल्या. मग कोणाची तरी मोटारसायकल थांबली. प्रत्येक वेळी बुंदी दाराशी धावली, बाहेर काय चाललंय ते ऐकत राहिली, आणि ते निघून गेल्यावर चौकटीवर तुटून पडली.

मनकर्णाबाईंना हे पाहण्यात इतकी गोडी लागली की जेवणाची वेळ टळून गेली. उठायला गेल्या तेव्हा त्यांना मांडीवर दोऱ्यांचा गुंता दिसला. इतका वेळ त्यांची बोटं पदराची कड उसवत बसली होती. ही सवय किती दिवसांपासून लागली होती, कोण जाणे. वीतभर कड सुटून आली होती.

त्यांनी तो पदर वर धरून पाहिला. मग बुंदीला म्हणाल्या, "तुले दात हायत, मले बोटं. काम दोघीलेही नाई."

त्यांनी लाकडी दार सताड उघडलं आणि त्याबाहेरचं जाळीचं दार कडी लावून बंद ठेवलं. बुंदीला सगळा रस्ता दिसू लागला. दोन दिवस ती येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकली. नंतर जाळीशी पाय पसरून नुसती पाहत राहू लागली.

पण नुसतं पाहणं तरी किती वेळ? मनकर्णाबाईंनी भाकरीचे बारीक तुकडे केले आणि बुंदीला मागच्या खोलीत कोंडून ते समोरच्या खोलीत लपवले. एक गादीच्या घडीत, एक रिकाम्या खोक्यात, एक दाराच्या पायपुसण्याखाली. दार उघडल्यावर बुंदी हुंगत हुंगत सुटली. एकेक तुकडा सापडला की शेपटी वेगानं हलायची. सगळे सापडले तेव्हा ती जीभ बाहेर टाकून धापा टाकत पडली, जशी काही शेतातून धावून आली होती.

दिवाळी जवळ आली तसे मधुकरराव एका दुपारी खाली आले. विषय काढायचा होता. पण जाळीतून त्यांना दिसलं, की मनकर्णाबाई भिंतीला टेकून उभ्या आहेत आणि बुंदी खोलीभर नाक फिरवत आहे.

"काय करून राह्यली ही?" त्यांनी विचारलं.

"मी भाकर लपवली, थे शोधून राह्यली. एक तुकडा त्या उंच स्टुलावर ठेवला हाय. तिले वरचा वास येते का, ते मले पाह्यचं हाय."

मधुकरराव आत येऊन उभे राहिले. बुंदी स्टुलाखाली तीनदा गेली, तीनदा परत फिरली. "नाई सापडत तिले," ते हळूच म्हणाले. चौथ्यांदा ती थांबली, मान वर केली आणि पुढचे दोन्ही पाय स्टुलावर टेकवले.

"सापडलं की," मधुकरराव म्हणाले आणि खुर्चीवर बसले. "आता पुन्हा लपवा. या वक्ती मी लपवतो."

त्या दिवशी सोय करण्याचा विषय निघाला नाही. रविवारी धनंजयनं चौकटीची खाच भरून वरून पॉलिश मारलं. मधुकररावांनी येऊन पाहिलं, जवळून हात फिरवला आणि म्हणाले, "ठीक हाय. पण मी लक्ष ठेवीन." लक्ष ठेवायला म्हणून ते दुपारी खाली येऊ लागले.

बुंदी एका दिवसात सुधारली नाही. हिवाळ्यात तिनं रूपालीची छत्री फाडली, आणि पाहुणे आले त्या गडबडीत कोणाची तरी पर्स. पण चौकट पुन्हा कुरतडली गेली नाही.

आता संध्याकाळी उन्हं उतरली की मनकर्णाबाई तिला घेऊन वस्तीपलीकडच्या शेतांकडे जातात, गुडघे चालतील तिथपर्यंत. परवा बुंदी दोन शेतांमधल्या धुऱ्यावरच्या एका बिळाशी अडून बसली. नाक आत, शेपटी ताठ. ओढली तरी हलेना.

"काय हाय वं आत?" मनकर्णाबाईंनी विचारलं. आणि दोर सैल सोडून, पदर सावरत, त्या तिथंच एका दगडावर पाहत बसल्या.