गॅलनला पंचेचाळीस मैल

प्राध्यापक सदाशिव आठल्ये उत्तरेकडच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवीत आणि त्या जोरावर घरी गाडीचा छळ करीत. गाडी सत्तेचाळीस सालची, काळी, बदली झालेल्या एका डॉक्टरांकडून घेतलेली. दर रविवारी आदर्श नगरातल्या घरासमोर बॉनेट उघडून ते कार्बोरेटरचा नट थोडासा फिरवत. त्यानं इंजिनात पेट्रोल कमी आणि हवा जास्त जायची. "हवा फुकट असते," असं ते म्हणत, आणि हे वाक्य आपल्याला सुचलं याचं त्यांना भारी कौतुक होतं. हवेवर इंजिन जगत नाही, हे त्यांच्या बायकोला, चारुलताला, बॉनेट न उघडताही कळत होतं.

नट फिरवला की गावाबाहेरच्या 'घाट की गूणी' या खिंडीपर्यंत चाचणी. चढ लागला की गाडी खोकू लागायची आणि सदाशिवराव म्हणायचे, "चारू, जरा उतर. वर भेटू." सहा वर्षं ती पदर खोचून तो घाट चढत होती. वर नवरा घड्याळ बघत उभा, उशीर जणू तिनंच केला. येताना उतारावर इंजिन बंद. मग संध्याकाळी विमा कंपनीतले गजाननराव चहाला आले की घोषणा व्हायची, "गॅलनला पंचेचाळीस मैल!" गजाननराव तोंडात बोटं घालायचे. बायको पायी चढते, हे पंचेचाळिसात कुठं येत नसे. चारुलता चहा ओतायची. पण मनातल्या मनात तिनं या विद्वानाला केव्हाच नापास केलं होतं.

अठ्ठावन्न सालच्या जानेवारीत तिला सी-स्कीम वस्तीतल्या मुलींच्या शाळेचं मुलाखतीचं पत्र आलं. संस्कृत शिकवायची जागा, वेळ सकाळी दहाची. लग्नाआधी एम. ए. झालेल्या चारुलतेला बारा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तिचं स्वतःचं काही विचारणार होतं. या एका सकाळवर तिनं सगळी आस लावली होती.

"मी सायकलरिक्षानं जाते," ती म्हणाली.

"दारात गाडी असताना? लोक काय म्हणतील?"

त्या दिवशी थंडी हाडांत शिरत होती. अशा गारठ्यात चोक ओढावा, हे टांगेवालाही सांगेल. सदाशिवरावांच्या मते चोक म्हणजे निव्वळ पेट्रोलची नासाडी. अकराव्या खेपेला गाडी सुरू झाली, मोती डुंगरी रस्त्यापर्यंत गचके देत गेली, कार्बोरेटरमधून फाटकन एक आवाज आला आणि ती बंद पडली.

"दोन मिनिटं," सदाशिवराव म्हणाले. पावणेदहा झाले होते. पुढची दोन मिनिटं दहाला पाच कमी असताना मागितली, त्यापुढची दहा वाजून गेल्यावर. रिकाम्या रिक्षा जवळून जात होत्या आणि आपण अजून या माणसाच्या शब्दावर बसलोय, याची चारुलतेला स्वतःचीच चीड आली.

शेवटी समोरच्या गॅरेजातला मिस्त्री आला. त्यानं नट बघितला आणि कपाळाला हात लावला.

"किसने छेड़ा इसको? भूखी मार रखी है. ऐसी गाड़ी खींचती नहीं, उल्टा ज़्यादा पीती है."

"पंचेचाळीस देती है," सदाशिवराव म्हणाले.

"पैंतालीस? सवारी कितनी?"

"सवारी उतरके चलती है, भैया," चारुलता म्हणाली.

मिस्त्री एवढा हसला की पाना हातातून पडला. त्यानं नट सैल केला, चोक ओढला आणि गाडी पहिल्याच खेपेला सुरू झाली. पण शाळेच्या फाटकात शिपायानं हात जोडले, "बहनजी, कमेटी तो उठ गई. दूसरी बहनजी को रख लिया." ती परत गाडीत बसली. रस्ताभर सदाशिवराव तिला थंडीचा पेट्रोलवर होणारा परिणाम समजावून सांगत होते.

रविवारी पुन्हा घाट आला; नट मात्र मिस्त्रीनं ठेवला तसाच होता. सवयीनं सदाशिवरावांनी गाडी बाजूला घेतली आणि दाराकडे हात केला. चारुलता हलली नाही.

"उतर ना. चढायची नाही."

"चालवा."

गाडी दोघांना घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये वर गेली, न खोकता, न तापता. माथ्यावर सदाशिवरावांनी गाडी थांबवली. सहा वर्षं पायांखाली गेलेल्या त्या चढाकडे चारुलता वळून बघत राहिली. सगळा चढ तिनं उगाच चढला होता.

"अठ्ठावीसच देईल आता," सदाशिवराव पुटपुटले.

"देऊ दे. आणि गजाननरावांना सांगताना माणसं दोन होती, हेही सांगा."

पुढच्या मुलाखतीला ती तासभर आधी निघाली. सायकलरिक्षानं.