ठिपक्यांचं वर्तुळ

रतिलालआबांनी रंजिताच्या खांद्यावर शाल टाकली, नारळ तिच्या हातात दिला आणि फोटो निघेपर्यंत तो स्वतःही धरून ठेवला. फोटो निघाला, नारळ सुटला, पण माईक काही सुटला नाही.

"आम्हना खानदाननी पोर!" आबा गरजले. "आकाशगंगावर डॉक्टर व्हयनी. पोरीस्ले शिकाडनं, हाई मन्हं पहिलापाईन धोरण शे!"

कोरीटच्या शाळेच्या पटांगणात टाळ्या पडल्या. रंजिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धोरण म्हणे! ती बारावी झाली तेव्हा ह्याच मोठ्या चुलत्यांनी ओसरीवर बसून निकाल दिला होता, की शेत एकत्र आहे आणि त्यातलं काही पोरीच्या कॉलेजावर खर्च होणार नाही. रंजिताचे वडील आपल्या भावापुढे मान खाली घालून बसले. आई, धनुबाई, काही बोलली नाही. बोलणार कशी, जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, तिने आजवर मोठ्याने शब्द काढला नव्हता. पण पुढच्याच आठवड्यात ती नंदुरबारला, मिरची वाळत घालतात त्या पथारीवर, देठ खुडायला जाऊ लागली. एवढ्या मोठ्या बागायतदारांची सून मजुरीला! दिवसभर उन्हात मिरचीच्या ढिगाशी बसायचं आणि घरी आलं की आगआग होणारे हात ताकात बुडवून ठेवायचे. आणि आता म्हणे धोरण.

व्यासपीठावर खुर्च्या मांडल्या होत्या, सगळ्यांवर पुरुष बसले होते. धनुबाई पार मागे, बायकांच्या घोळक्यात, पाण्याच्या पिंपाशी बसली होती.

"बोल बेटा," आबांनी एकदाचा माईक दिला. "जास्त नको, जेवण थंडं व्हई जाई."

रंजिता गावात एकच गोष्ट सांगायला आली होती. आकाशगंगेच्या कडेचे तारे इतक्या वेगाने पळतात, की दिसणाऱ्या सगळ्या वस्तुमानाची ओढ धरली तरी ते आवरले जायला नकोत, बाहेर भिरकावले जायला हवेत. तरी ते आपापल्या कक्षेतच फिरत राहतात. बहुतेक शास्त्रज्ञ म्हणतात, भोवती न दिसणारं प्रचंड काहीतरी असणार, त्यानेच ते धरून ठेवलेत. रंजिताचा प्रबंध नेमका याच्या उलट होता. न दिसणारं काही मानू नका. वस्तुमानाने अवकाश कसं वाकतं याचं आपलं गणितच इतक्या अंतरावर अपुरं पडतं, ते दुरुस्त करा. मोठमोठ्या परिषदांत लोक यावर हसले होते, तरी तिने हट्ट सोडला नव्हता.

पण आत्ता तिची नजर त्या खुर्च्यांवर गेली आणि प्रबंध बाजूला राहिला. तिने व्यासपीठाशेजारच्या फळ्यावर आकाशगंगेचं चक्र काढलं आणि त्याच्याभोवती ठिपक्याठिपक्यांचं मोठं वर्तुळ.

"हे तारे कोणी धरून ठेवलेत?" ती शाळेतल्या मराठीत बोलू लागली. "जे दिसत नाही त्याने, असं शास्त्रज्ञ मानतात. हे ठिपके म्हणजे ते." तिने आबांकडे पाहिलं. "मीही इथे उभी आहे ती या खुर्च्यांमुळे नाही. जी कोणालाच दिसली नाही तिच्यामुळे आहे. आई, पुढे ये."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आबांनीही टाळ्या वाजवल्या, आणि त्या सगळ्यांत मोठ्या होत्या.

धनुबाई उठली. सतरंजीच्या कडेकडेने फळ्यापाशी आली आणि वर्तुळाकडे बघत राहिली.

"हाऊ टिपकास्ना गोल म्हंजे मी?"

"हां, आई."

"म्हंजे दखास नही ते?"

"हां."

"मी दखास नव्हती?" धनुबाईचा आवाज चढला. "कोणले वं? सकायनी गाडीमा मन्हासंगे आर्धं गाव बशे. पथारी रस्तावर शे, चारीबाजूथीन उघडी. मन्हा जेठनी फटफटी रोज मन्हा समोरथीन जाये. एक दिन मी हात बी दखाडा. त्यास्नी तोंड फिराई लिधं." तिने पदर डोक्यावर नीट ओढला, पण आवाज काही खाली आला नाही. "जे दखास नही, त्यानापाईन कोणी तोंड फिरावस का?"

 आबांनी मांडीवरच्या उपरण्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

रंजिताचा राग कुठल्या कुठे गेला, आणि त्याच्या जागी लाज आली. जगातल्या भल्याभल्यांशी ती ज्या गोष्टीसाठी भांडली, तीच ती आपल्या आईच्या बाबतीत विसरली होती. सगळ्यांसारखं सोपं वर्तुळ काढून मोकळी झाली होती. तिने डस्टर घेतला आणि ठिपके पुसले. एकही ठेवला नाही. मग माईक टेबलावर ठेवून दिला.

"मन्हं चुकनं," ती म्हणाली. "न दखाय असं काहीच नव्हतं. सगळं सगळास्ले दखाये. नियमच चुकीना लिखेल व्हता." तिने खडू उचलला. "मन्हा प्रबंधमा बी हाईच शे. पहिलापाईन सांगस."

रतिलालआबा हळूच उठले. कोणाकडे न बघता त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि धनुबाईजवळ आणून ठेवली.

धनुबाईने खुर्चीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"आते सांग पहिलापाईन," ती लेकीला म्हणाली, आणि अगदी पुढे, फळ्यासमोर, सतरंजीवर मांडी घालून बसली.