पाच गुंड्यांची बंडी

मी पाच गुंड्यांची बंडी बोलतेय. ओतूरच्या एका विशेष शाळेत, काचेच्या कपाटात मी टांगलेली असते.

इथल्या शिक्षिका मोहिनीबाईंनी मला नवऱ्याच्या जुन्या कोटातून शिवलं. तोवर इथली मुलं कापड ताणलेल्या लाकडी पाटीवर गुंड्या लावायला शिकत. पाटीवर जमायचं, पण सदऱ्यापाशी अडायचं. पाटी समोर असते, सदरा अंगावर. म्हणून मी.

बाई मुलांना शिकवत, तशा शिक्षिका होऊ पाहणाऱ्या मुलींनाही. मूल गुंडीशी झटत असताना या मुलींनी आपले हात पाठीमागं धरायचे, एवढाच बाईंचा जाच. मुली आपसांत त्यांना ‘हात मागं बाई’ म्हणून हसायच्या.

आशा घाटघरची. बोटं ढिली, बोलणं थोडं. पहिल्या दिवशी तिची आई भिमाबाई म्हणाली, “आज मी लावते तिच्या गुंड्या. माज्या मागं कोन लावंल, बाई?”

बाईंनी मला आशाच्या अंगात घातलं.

दोन पावसाळ्यांत खालच्या चार गुंड्या जमल्या. गळ्याशी असलेली पाचवी डोळ्यांना दिसत नाही, ती राहिली. त्यातच भावी शिक्षिकांच्या परीक्षेचा पाठ आला. त्यांतली वृषाली आशाला शिकवत होती. परीक्षक घड्याळ बघत होते. पाचवी गुंडी काजात अर्धी शिरली होती. वृषालीनं वाकून ती लावून टाकली.

परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. आशानंही वाजवल्या.

त्यानंतर बाईंनी पुष्कळ झटून पाहिलं. पण चार गुंड्या लावून झाल्या, की आशा हनुवटी वर करून थांबायची.

बाई निवृत्त झाल्या. यंदा गेल्या. शोकसभेत मला त्यांच्या फोटोशेजारी ठेवलं होतं. वृषाली आता शिक्षिका घडवते. ती छान बोलली. माझ्याकडे बोट दाखवून ‘बाईंचा वारसा’ म्हणाली.

आशा एका शेजारणीबरोबर आली होती. भिमाबाई मागच्या वर्षीच गेली. आशाच्या स्वेटरची वरची गुंडी उघडी होती. फोटोला फूल वाहून ती वळली आणि समोर वृषालीला पाहून तिनं हनुवटी वर केली.

वृषालीनं कुणाशी तरी बोलता बोलता ती लावून टाकली.

फोटोत बाईंचे हात दिसत नाहीत.

मला धुऊन, इस्त्री करून, पाचही गुंड्या लावून परत टांगलंय. नव्या मुली येतात, माझा फोटो काढून नेतात. बायांनो, मला खाली काढा. एखाद्या लेकराच्या अंगात घाला आणि थांबा. थांबवत नसेल, तर इथंच असू द्या.

कपाटाची किल्ली वृषालीकडे असते.